उंचीच्या खुणा : भारतीय भूमापनाचा दगडांत उरलेला इतिहास

रेल्वे स्थानकाच्या फलाटाच्या दोन्ही टोकांना पिवळा फलक असतो. त्यावर स्थानकाचे नाव एकाहून अधिक लिप्यांत लिहिलेले असते आणि पुष्कळ ठिकाणी नावाखाली बारीक अक्षरांत एक आकडा असतो : समुद्रसपाटीपासूनची उंची, इतके मीटर. लहानपणी आगगाडीच्या खिडकीतून हा आकडा वाचणे हा प्रवासातला एक खेळच असतो. घाट चढू लागला की आकडा वाढतो आणि किनाऱ्याकडे उतरताना तो घटतो. समुद्रापासून हजार किलोमीटर दूर असलेल्या स्थानकाची उंची समुद्रावरून कोणी आणि कशी मोजली, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणाच्या मनात येतो.

या प्रश्नाचे उत्तर भारतभर विखुरलेल्या हजारो लहान दगडांत दडलेले आहे. जुन्या पुलांचे कठडे, कचेऱ्यांची जोती, देवळांच्या पायऱ्या, चर्चचे चौथरे, विश्रामगृहांची आवारे, डोंगरमाथ्यांवरील खडक अशा ठिकाणी भूमापकांनी या खुणा कोरून ठेवल्या. त्यांपैकी पुष्कळ आज रंगाखाली, फरशीखाली वा रस्त्याच्या वाढत्या थराखाली गेल्या आहेत, तर काही अजून उघड्यावर असूनही ओळखीअभावी दुर्लक्षित आहेत. या खुणा कशा निर्माण झाल्या आणि त्या जपणे का आवश्यक आहे, याचा हा मागोवा.

मद्रासची आधाररेषा

भारताच्या शास्त्रशुद्ध मोजणीचा प्रारंभ १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ झाला. विल्यम लॅम्ब्टन या लष्करी अधिकाऱ्याने सेंट थॉमस माउंटच्या परिसरातील सपाट मैदानावर शंभर फुटी पोलादी साखळीने सुमारे साडेसात मैलांची एक सरळ रेषा मोजली. या एका रेषेला ५७ दिवस लागले. उन्हाने साखळी प्रसरण पावते, म्हणून ती लाकडी पेट्यांत ठेवून प्रत्येक वेळी तापमान नोंदवावे लागे. पुढच्या सर्व मोजणीचा पाया हीच रेषा असल्यामुळे तिथे झालेली चूक देशभर पसरली असती. म्हणून भूमापनशास्त्रात अशा रेषेला आधाररेषा म्हणतात.

त्यापुढील रीत शालेय भूमितीतलीच आहे. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन ठाऊक असले, तर उरलेल्या दोन बाजू गणिताने काढता येतात. आधाररेषेच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या टेकडीकडे पाहून कोन मोजावेत, पहिला त्रिकोण पुरा करावा आणि त्याच्या बाजूवर दुसरा त्रिकोण रचावा. अशी त्रिकोणांची साखळी दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत गेली. पुढे या उपक्रमाला ‘ग्रेट ट्रिगॉनॉमेट्रिकल सर्व्हे’ असे नाव मिळाले. दगडांवर रोमन लिपीत कोरलेली ‘जी.टी.एस.’ ही तीन अक्षरे म्हणजे याच नावाची आद्याक्षरे होत.

कोन मोजण्यासाठी लॅम्ब्टनने इंग्लंडहून थिओडोलाइट मागवले होते. त्याचे वर्तुळ तीन फूट व्यासाचे आणि वजन सुमारे अर्धा टन होते. ते घेऊन येणारे जहाज वाटेत फ्रेंचांनी पकडले आणि यंत्र मॉरिशसला नेले. परंतु ते शास्त्रीय उपकरण आहे हे कळल्यावर तिथल्या फ्रेंच अधिकाऱ्यांनी ते सन्मानाने मद्रासला पाठवून दिले. युद्ध चालू असतानाही मोजमापाच्या साधनाला शत्रूने वाट करून दिली, ही गोष्ट आवर्जून लक्षात ठेवण्यासारखी आहे.

तंजावरचे देऊळ : दोन नोंदी

महाराष्ट्राबाहेरील मराठी माणसाला या इतिहासातला एक प्रसंग विशेष जवळचा वाटेल. १८०८ साली लॅम्ब्टनची तुकडी तंजावरच्या मुलखात आली. कावेरीच्या त्या सपाट, माडांनी दाटलेल्या प्रदेशात यंत्र ठेवण्याजोगी टेकडी नव्हती. सर्वांत उंच जागा म्हणजे बृहदीश्वराच्या मंदिराचे सुमारे दोनशे फुटी शिखर. ते अर्ध्या टनाचे यंत्र दोरांनी वर खेचले जात असताना दोर तुटला आणि थिओडोलाइट भिंतीवर आपटून त्याचे मुख्य वर्तुळ वाकले. हजारो मैलांवरून आलेल्या आणि त्या काळी देशात दुसरी जोड नसलेल्या यंत्राची ही अवस्था पाहून कोणीही काम सोडून दिले असते. लॅम्ब्टनने यंत्राचे भाग सुटे केले, कारागिरांना हाताशी धरले आणि सहा आठवडे खपून ते वर्तुळ पुन्हा गोलाकारात आणले.

त्या वेळी तंजावरच्या गादीवर सरफोजीराजे दुसरे होते. राज्यकारभार कंपनीच्या हाती गेलेला असला, तरी विद्येचा हा उपासक राजा ग्रंथ, उपकरणे आणि कला यांचा संग्रह करीत होता. प्रसंगाच्या पाचच वर्षे आधी, १८०३ साली, त्याच मंदिराच्या भिंतींवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरला गेला होता. जगातील अतिदीर्घ शिलालेखांत त्याची गणना होते. एकाच देवळाच्या आवारात पाच वर्षांच्या अंतराने दोन प्रकारच्या नोंदी घडल्या. मराठी राजाने आपल्या घराण्याची वंशकथा दगडावर लिहून ठेवली आणि भूमापकाने त्याच वास्तूच्या उंचीचा आधार घेऊन भूमीची नोंद केली. पहिली नोंद आज सर्वांना ठाऊक आहे, तिचे वाचन झाले आहे, ती छापलीही गेली आहे. दुसऱ्या प्रकारच्या नोंदींना मात्र असा वाचक क्वचितच लाभला.

लॅम्ब्टनचा शेवटही मराठी मुलखातच झाला. हैदराबादहून नागपूरकडे कामाचा तळ हलवीत असताना २० जानेवारी १८२३ रोजी वर्धेजवळील हिंगणघाट येथे त्याचे निधन झाले. त्याची कबर तिथेच आहे. त्यानंतर जॉर्ज एव्हरेस्टने काम हाती घेतले आणि कन्याकुमारीपासून मसुरीपर्यंतची सुमारे २,४०० किलोमीटर लांबीची मध्यवर्ती साखळी १८४१ पर्यंत पुरी केली. या साखळीतील माळव्यातले सिरोंजजवळचे कल्याणपूर हे स्थानक पुढे भारतीय नकाशांच्या अक्षांश-रेखांशांचे मूळ ठरले. देशाच्या जुन्या नकाशांवरील प्रत्येक गावाचे स्थान आजच्या विदिशा जिल्ह्यातील या एका टेकडीच्या संदर्भाने ठरलेले आहे.

या कामाचे श्रेय दोन-चार इंग्रज नावांत संपत नाही. राधानाथ सिकदार यांनी १८३१ साली सर्वेक्षणात प्रवेश केला आणि हिमालयातील शिखरांच्या उंचीची किचकट गणिते त्यांच्या देखरेखीखाली झाली. अर्काटचे सय्यद मीर मोहसिन हुसेन यांनी यंत्रे दुरुस्त करण्याचे आणि घडविण्याचे काम इतक्या कौशल्याने केले की, ते सर्वेक्षणाचे अधिकृत यंत्रकार झाले. निशाणवाले, दिवेवाले, साखळी धरणारे खलाशी आणि रानावनातून सामान वाहणारे मजूर यांची नावे मात्र फारशी उरली नाहीत. तापाने आणि अपघातांनी त्यांच्यातली कितीतरी माणसे कामावर असताना गेली. त्यांनी उभारलेले दगड हीच आता त्यांची नोंद.

समुद्रापासून स्थानकापर्यंत

त्रिकोणांच्या साखळीने एखादी जागा नकाशावर कोठे आहे हे कळले. तिची अचूक उंची ठरविण्यासाठी वेगळ्या कामाची गरज होती. कालवे, लोहमार्ग, नळयोजना, गटारे या सर्वांना पाणी कोणीकडे वाहील हे अचूक कळणे आवश्यक असते, आणि दूरच्या डोंगरांकडे दुर्बीण रोखून काढलेली उंची त्याला पुरत नाही. म्हणून १८५८ पासून अचूक समतलनाचे स्वतंत्र काम सुरू झाले.

समतलनाची कृती दिसायला सोपी आहे. दोन माणसे खुणांच्या उंच पट्ट्या घेऊन काही अंतरावर उभी राहतात. मधोमध तिपाईवर पूर्णपणे आडवी केलेली दुर्बीण असते. मागच्या पट्टीवरचा आकडा वाचायचा, मग पुढच्या पट्टीवरचा वाचायचा. दोहोंतील फरक म्हणजे दोन जागांच्या उंचीतला फरक. मग मागची पट्टी पुढे जाते, यंत्र पुढे जाते आणि तीच कृती पुन्हा होते. शे-दोनशे पावलांच्या अशा टप्प्यांनी हमरस्त्यांच्या आणि लोहमार्गांच्या कडेने शेकडो मैल जायचे. चूक शिरू नये म्हणून एकाच मार्गावर दोन निरीक्षक स्वतंत्रपणे मोजणी करीत आणि आकडे ताडून पाहत.

आरंभबिंदू अर्थातच समुद्र होता. पण समुद्राची पातळी भरती-ओहोटीने आणि ऋतुमानाने सतत बदलते. म्हणून बंदरांवर भरतीमापक यंत्रे बसवून अनेक वर्षांच्या नोंदींची सरासरी काढण्यात आली. कराची, मुंबई, कारवार, बेपूर, कोचीन, नागपट्टणम, मद्रास, विशाखापट्टणम आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरील फॉल्स पॉइंट या नऊ ठिकाणची सरासरी समुद्रसपाटी शून्य मानून १९०९ साली देशभरच्या उंचीच्या जाळ्याचे गणित जुळविण्यात आले. स्थानकांवरच्या आकड्यांमागील परंपरा ती हीच. देशाची फाळणी झाली, तरी इंदूर, भोपाळ वा दिल्लीच्या उंचीच्या जुन्या आकड्यात कराचीच्या भरती-ओहोटीचा वाटा राहूनच गेला.

या वाटेवर ठरावीक अंतराने उंचीची खूण सोडणे आवश्यक होते, कारण प्रत्येक वेळी समुद्रापासून मोजत येणे शक्य नसते. या खुणेलाच बेंचमार्क म्हणतात. जोत्यावर वा भिंतीवर आडवी खाच कोरायची, तिच्यात लोखंडी कोन अडकवायचा आणि त्या ‘बाकावर’ मोजपट्टी टेकवायची, अशी इंग्लंडमधील जुनी रीत होती. त्यावरून हे नाव पडले. आज उद्योगधंद्यांत आणि शिक्षणक्षेत्रात ‘बेंचमार्क’ हा शब्द गुणवत्तेचा मानदंड या अर्थाने सहज वापरला जातो, परंतु त्याचे मूळ या दगडातल्या खाचेत आहे.

खुणा ओळखाव्या कशा

या खुणांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग त्रिकोणमापनाच्या स्थानकांचा. ही बहुधा डोंगरमाथ्यावर असतात. खडकावर किंवा पुरलेल्या दगडावर एक वर्तुळ आणि त्याच्या मध्यभागी ठिपका कोरलेला असतो आणि त्याभोवती चबुतरा असतो. गंगेच्या सपाट मैदानात टेकड्या नसल्यामुळे विटांचे उंच मनोरे बांधावे लागले. निरीक्षकाच्या हालचालीने यंत्र हलू नये म्हणून यंत्राचा खांब आणि माणसाने उभे राहायचे व्यासपीठ एकमेकांपासून अलग ठेवलेले असे. कोलकात्यात बॅरकपूर ट्रंक रोडवर पाइकपाडा आणि सुखचर येथे असे दोन मनोरे अजून उभे आहेत. १८३१-३२ साली मोजलेल्या सुमारे साडेसहा मैलांच्या कोलकाता आधाररेषेची ती दोन टोके. त्यांच्या पायथ्याशी रोज हजारो माणसे बसची वाट पाहतात.

दुसरा वर्ग उंचीच्या खुणांचा, आणि शहरांत सापडण्याचा संभव याच खुणांचा अधिक. दगडाच्या सपाट भागावर एक लहान चौकोन, त्यात ठिपका, आणि वर-खाली ‘जी.टी.एस.’ व ‘बी.एम.’ ही रोमन अक्षरे, असे तिचे सर्वसाधारण रूप असते. काही खुणा मूळ खडकात कोरलेल्या, काही जमिनीत पुरलेल्या स्वतंत्र दगडांवर, तर काही टिकाऊ इमारतींच्या जोत्यांवर वा पुलांच्या कठड्यांवर आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी महत्त्वाच्या शहरांत खोल पाया घालून अधिक भक्कम अशा ‘स्टँडर्ड बेंचमार्क’ खुणा उभारण्यात आल्या.

प्रत्येक खुणेची जागा आणि उंची सर्वेक्षण विभागाने नकाशाच्या पत्रकांनुसार छापलेल्या पुस्तिकांत नोंदविली. अमुक पुलाच्या उत्तरेकडच्या कठड्यावर, अमुक विहिरीपासून इतक्या फुटांवर, अशी ती वर्णने असतात. गंमत अशी की, पुस्तिकेतली विहीर बुजते, वडाचे झाड पडते, कचेरी दुसरीकडे जाते, आणि मग खूण जागेवर असूनही तिच्यापर्यंत पोचण्याची वाट हरवते. अशा वेळी गावातल्या वडीलधाऱ्या माणसाची आठवण हीच पुस्तिकेची पुरवणी होते. जुना टपाल बंगला कोठे होता किंवा नदीवरचा पहिला पूल कोणत्या बाजूला होता, हे सांगणारी पिढी हयात आहे तोवरच हे शोधकार्य सोपे आहे.

नागपूरचा स्तंभ : खूण आणि दंतकथा

खूण टिकली पण तिचा अर्थ निसटला, याचे उत्तम उदाहरण नागपुरात आहे. तिथला झीरो माइलचा स्तंभ सर्वपरिचित आहे. वालुकाश्माचा खांब, उधळलेले चार घोडे, आणि पायथ्याशी हैदराबाद ३१८ मैल, जबलपूर १७० मैल, रायपूर १७४ मैल, चांदा १२५ मैल अशी अंतरे. हा भारताचा भौगोलिक मध्यबिंदू असून इंग्रजांनी देशातील सर्व अंतरे येथूनच मोजली, असे पिढ्यान् पिढ्या सांगितले जाते. सहलीला आलेल्या विद्यार्थ्यांनाही हेच ऐकविले जाते.

प्रत्यक्षात त्या आवारातील भूमापनाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे घोड्यांच्या शेजारचा एक ठेंगणा, अनाकर्षक दगड. तो जी.टी.एस.चा १९०७ सालचा स्टँडर्ड बेंचमार्क आहे. सरासरी समुद्रसपाटीपासून त्याची नोंदलेली उंची १०२०.१७१ फूट, म्हणजे सुमारे ३११ मीटर. देशाची अंतरे इथून मोजली गेली नाहीत. त्रिकोणांच्या साखळीला मद्रासला प्रारंभ झाला, अक्षांश-रेखांशांचे मूळ कल्याणपूरला आहे आणि उंचीचे मूळ समुद्रकिनाऱ्यावर. नागपूरच्या दगडाचे खरे महत्त्व वेगळे आहे : देशाच्या मध्यभागी, दोन्ही किनाऱ्यांपासून दूर, समुद्राची पातळी फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत लिहून ठेवणारा तो एक विश्वासू साक्षीदार आहे. घोड्यांच्या छायाचित्रांत हा साक्षीदार बहुधा चौकटीबाहेर राहतो.

दंतकथेने स्तंभाचे रक्षण केले, हेही मान्य करावे लागेल. ज्या दगडाभोवती गोष्ट नसते, तो दगड आपल्याकडे लवकर नाहीसा होतो. म्हणून या खुणा जपायच्या असतील तर त्यांची खरी गोष्ट लोकांपर्यंत पोचविणे हे जतनाच्या कामाचाच भाग ठरते. ती दंतकथेपेक्षा कमी रंजक नाही.

जुन्या दगडाचे आजचे काम

उपग्रहांच्या काळात या दगडांचा उपयोग काय, असा प्रश्न साहजिक आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाने देशभर कायमस्वरूपी उपग्रह-संदेशग्राहक केंद्रांचे जाळे उभारले आहे आणि काही सेंटिमीटरांच्या अचूकतेने स्थान आता अल्पावधीत कळते. तरीही जुन्या खुणांचे दोन उपयोग उरतातच.

पहिला उपयोग उंचीचा. उपग्रहाकडून मिळणारी उंची ही पृथ्वीच्या एका गणिती आकृतीपासूनची असते. पाणी मात्र गुरुत्वाकर्षणाने वाहते. पहिल्या उंचीवरून दुसऱ्या अर्थाची उंची काढण्यासाठी जे प्रारूप लागते, ते पडताळून पाहावे लागते प्रत्यक्ष समतलनाने ठरविलेल्या बेंचमार्कांवरच. शहराच्या सखल भागात पाणी का साचते याचा हिशेब शेवटी अशा एखाद्या दगडापाशीच येऊन टेकतो.

दुसरा उपयोग अधिक मोलाचा, कारण त्याला पर्याय नाही. आजचे यंत्र आजचे स्थान सांगते. शंभर वर्षांपूर्वी हीच जमीन कोठे होती, हे फक्त शंभर वर्षांपूर्वीची खूणच सांगू शकते. १२ जून १८९७ रोजी आसाम आणि मेघालय हादरवणारा प्रचंड भूकंप झाला. त्याआधी १८६० च्या दशकात त्या डोंगरांत त्रिकोणमापन झालेले होते. भूकंपानंतर सर्वेक्षण विभागाने तीच स्थानके पुन्हा मोजली, तेव्हा डोंगरमाथे जागचे हलल्याचे दिसून आले. या आकड्यांचा पुरता उलगडा व्हायला शतक जावे लागले. २००१ साली रॉजर बिल्हॅम आणि फिलिप इंग्लंड या शास्त्रज्ञांनी त्याच जुन्या मोजण्यांचे नव्याने गणित मांडून दाखविले की, शिलाँग पठाराच्या उत्तर कडेखाली भूपृष्ठावर न दिसणारा एक भ्रंश आहे आणि त्या भूकंपात पठाराची ती कड किमान ११ मीटर वर उचलली गेली. ज्यांनी १८६० च्या दशकात त्या पावसाळी डोंगरांत दगड रोवले, त्यांना भूकंपशास्त्राची कल्पनाही नव्हती. त्यांनी केवळ आपले काम चोख करून खूण मागे ठेवली होती.

१९३४ च्या बिहार भूकंपानंतरही असेच घडले. उत्तर बिहारमधील समतलनाचे मार्ग पुन्हा मोजले गेले, तेव्हा बेंचमार्क खचल्याचे आढळले आणि जमीन कोठे किती बसली याचे चित्र मिळाले. याउलट दक्षिण भारतात १८६० च्या दशकातील जी.टी.एस. स्थानकांवर १९९४ साली उपग्रहयंत्रे ठेवून मोजणी झाली, तेव्हा १३० वर्षांत तिथले अंतर्गत बदल अतिशय नगण्य असल्याचे दिसले. द्वीपकल्पाची स्थिरता अशी प्रत्यक्ष मोजून पाहता आली, ती ते दगड जागेवर होते म्हणून.

समुद्राच्या वाढत्या पातळीचा प्रश्नही इथेच येऊन मिळतो. मुंबईत अपोलो बंदरावरील भरतीच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत आणि हिंदी महासागराच्या उत्तर भागात इतकी दीर्घ नोंदमाला दुसरी नाही. पण पाण्याची पातळी वाढली असे म्हणताना जिच्या तुलनेने ती मोजायची ती जमिनीवरची खूण स्थिर हवी. यंत्रे बदलतात, धक्के नव्याने बांधले जातात. जुन्या आणि नव्या नोंदींना जोडणारा दुवा म्हणजे बंदराजवळचे बेंचमार्क. ते गेले तर शंभर वर्षांचे आकडे कागदावर राहतात, परंतु त्यांना एकमेकांशी जोडता येत नाही.

नाश आणि जतन

या खुणा कोणी द्वेषाने नष्ट करीत नाही. त्या नष्ट होतात त्या सुधारणेच्या उत्साहात. देवळाचा जीर्णोद्धार होतो आणि जुन्या पायऱ्यांवर चकचकीत फरशी बसते. कचेरीच्या जोत्याला ऑइल पेंटचा हात दिला जातो. रस्ता दर काही वर्षांनी नवा थर घेऊन वर चढतो आणि कडेचा दगड पोटात घेतो. पूल रुंद करताना जुना कठडा राडारोड्यात जातो. काही दगडांना शेंदूर लागतो, आणि ते निदान जागेवर तरी राहतात.

सर्वांत करुण नाश सद्‌हेतूने होतो. एखाद्या जाणत्या माणसाला दगड दिसतो, तो मोलाचा आहे हे कळते, आणि ‘सुरक्षित राहावा’ म्हणून तो उचलून बागेत वा संग्रहालयात नेला जातो. त्या क्षणी दगड उरतो, पण खूण संपते. बेंचमार्कचे सारे मोल तो जिथे आहे तिथेच असण्यात आहे. तो दोन हात बाजूला सरकला, तरी त्यावरची अक्षरे खोटी ठरतात.

कायद्याने या खुणांना पूर्वीपासून संरक्षण दिले आहे. लोकसेवकाच्या अधिकाराने रोवलेली खूण नष्ट करणे वा हलविणे हा १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४३४ नुसार एक वर्षापर्यंतच्या कारावासाचा अपराध होता. नव्या न्याय संहितेतही तशी तरतूद आहे. परंतु जी खूण कोणाला ओळखताच येत नाही, तिच्या बाबतीत कायदा काय करणार? पूर्वी स्थानकांची देखभाल स्थानिक अधिकाऱ्यांकडे आणि गावकामगारांकडे सोपविण्याची रीत होती. ती साखळी क्षीण झाली आहे आणि तिची जागा आता जागरूक नागरिकांनीच घ्यायची आहे.

हे काम अवघड नाही, पण त्याची शिस्त सांभाळावी लागते. खूण सापडली तर ती खरवडू नये, तिला रंग देऊ नये, अक्षरे ठळक करण्यासाठी छिन्नी लावू नये. शेजारी पट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे. भोवतालच्या तीन टिकाऊ वस्तूंपासूनची अंतरे मोजावीत. इमारतीचे नाव, कोणती बाजू, कोणती पायरी हे लिहावे आणि नोंदीवर तारीख घालावी. ही माहिती भारतीय सर्वेक्षण विभागाच्या त्या राज्यातील कार्यालयाला आणि वास्तूच्या मालकाला लेखी कळवावी. बांधकाम अटळ असेल, तर दगड हलण्यापूर्वी त्याची उंची जवळच्या दुसऱ्या पक्क्या खुणेवर उतरवून घेण्याची विनंती करावी. वेळेवर केलेले हे एवढे काम शतकाची नोंद वाचवू शकते.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळेचे माजी विद्यार्थी आज देशाच्या कानाकोपऱ्यांत आहेत. कोणी रेल्वेत, कोणी बांधकाम खात्यात, कोणी नगरपालिकेत, तर कोणी जुन्या वस्तीतील वडिलोपार्जित घरात. त्यांच्या रोजच्या वाटेवर यांतली एखादी खूण असण्याचा पुरेपूर संभव आहे. शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात विद्यार्थ्यांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या परिसरातली एकेक खूण शोधून तिची नोंद एका वहीत करावी आणि ती वही शाळेच्या ग्रंथालयात ठेवावी. शाळेच्या शताब्दीच्या वर्षी कोणी विद्यार्थी ती वही घेऊन बाहेर पडेल, लिहिलेल्या जागी जाईल, पायरीवरची धूळ पुसेल आणि खूण जागेवर आहे की नाही ते पाहून नोंदीपुढे आपली तारीख घालील.